सुरांची घाई, हिशेबाची दिरंगाई

शोकाचे सूतक फिटण्यापूर्वी मदतीसाठी मैफल भरवावी काय, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर उपस्थित होतो. औचित्याचा हा काथ्याकूट सुरक्षित अंतरावरूनच शोभतो. १९७१ साली पंडित रविशंकर यांनी सूतक फिटण्याची वाट पाहिली नाही. पाहायची तरी कोठवर? पूर्व बंगालात पाकिस्तानी सैन्याचा नरसंहार चालूच होता. लक्षावधी निर्वासित सीमेअलीकडच्या भारतीय छावण्यांत येत होते आणि तेथे पटकीने थैमान घातले होते. पंडितजींनी जॉर्ज हॅरिसन यांना साकडे घातले आणि १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. वाद्ये जुळवली जात असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या; ते अज्ञान क्षम्यच म्हणावे. सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले.

ती घाई उचितच होती. चूक झाली ती अन्यत्र. करमाफीची कागदोपत्री व्यवस्था कार्यक्रमापूर्वी झालेली नव्हती. परिणामी ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांच्या उत्पन्नातील लक्षावधी डॉलर अमेरिकी करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षे अडकून पडले. ज्या छावण्यांसाठी गाणे झाले, त्या तोवर केव्हाच उठल्या होत्या.