चेहरा कोणाचा, नाव कोणाचं?

"संगणकाने चेहरा जिवंत केला!" असलं काही वाचलं की माझं डोकं सटकतं. संगणक कसला जिवंत करतोय? कॅमेऱ्यासमोर एक नट बसतो. भुवई उचलतो, ओठ मुडपतो, डोळे बारीक करतो. त्याच्या भुवया, पापण्या, ओठांचे कोपरे किती सरकले ते सॉफ्टवेअर व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममध्ये टिपतं आणि त्यानुसार डिजिटल चेहरा हलवतं. पूर्वी तोंडभर ठिपके काढावे लागत, आता साधा फोनही पुरतो. पण अभिनय नटाचाच ना?

२०१४ चा 'कोचडैयान' आठवतोय? मराठी घरात जन्मलेल्या रजनीकांतचा, त्याची मुलगी सौंदर्या हिने दिग्दर्शित केलेला, मोशन कॅप्चरवर बेतलेला तमिळ सिनेमा. त्यात विनोदी नट नागेशही दिसतात. नागेश वारले २००९ मध्ये! गेलेला माणूस काही कॅमेऱ्यासमोर येत नाही. पडद्यावरचे नागेश हलले ते दुसऱ्यांच्या मेहनतीवर. लक्षात मात्र राहिले नागेशच.

२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरचा चेहरा, आवाज, अगदी 'झकास'सुद्धा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. उत्तम झालं. पण ज्याचा चेहरा कोणी ओळखतच नाही, त्याने कुठे जायचं? अमेरिकेत व्हिडिओ गेममधल्या कलाकारांनी जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला, तेव्हा भांडण नेमकं ह्यावरच होतं. नुसत्या हालचाली देणाऱ्यालाही एआयपासून संरक्षण हवं.

आता आपल्या अलिबागचं बघा. आज ना उद्या कोणीतरी कुलाबा किल्ल्यासाठी कान्होजी आंग्र्यांना पडद्यावर बोलतं करणार, ही माझी खात्री! कान्होजी गेले १७२९ मध्ये. त्यांचा राग, त्यांचं हसू आणणार कुठून? जत्रेतल्या नाटकात काम करणाऱ्या इथल्याच एखाद्या पोराकडून. त्याला एका दिवसाची मजुरी देतील आणि टिपलेल्या हालचाली कायमच्या ठेवून घेतील. पुढे त्याच हालचालींवर कोणी सरदार बोलेल, नाहीतर साबण विकणारा एखादा काका.

अ‍ॅनिमेटर राबत नाहीत का, असं कोणी विचारेल. राबतात हो, रात्र-रात्र जागतात. त्यांचंही नाव लावा. पण नटाचं नाव वगळू नका, आणि प्रत्येक नव्या वापराआधी त्याला विचारा, पैसे द्या. एवढं जमत नसेल तर कान्होजींना समाधीत शांत झोपू द्या.

बोला मंडळी, पटतंय का?