संगमरवरी पाटी आणि शाळेतल्या मावशी



मागच्या रविवारी आमचे हे शाळा कमिटीच्या मीटिंगवरून आले, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. दिवस असताना जेवण उरकायचं म्हणून मी पानं वाढूनच ठेवली होती. जेवताना म्हणाले, "स्टेजचं काम पक्कं झालं. नवे पडदे, फरशी, साउंड. देणगीदारही मिळाले. दोन पाट्या लागतील." पाट्या म्हणजे संगमरवराच्या, नावाच्या. आपल्या समाजात देणारे हात पुष्कळ आहेत, याचा मला अभिमान आहे. पण त्या दिवशी घास घशाखाली उतरेना, कारण शुक्रवारीच मला शाळेतल्या मावशी भेटल्या होत्या.

या मावशी माझ्याकडे महिन्यातून एकदा धान्य निवडायला मदतीला येतात. एरवी शाळेत झाडू-फरशी आणि स्वच्छतागृहं सांभाळतात. गहू पाखडताना सहज म्हणाल्या, "काकू, सहावीतला एक पोरगा पीटीच्या तासाला संडासात जाऊन बसतो बघा. दीड महिना झाला. आतून कडी लावतो, घंटा झाली की बाहेर येतो." मी म्हटलं, "मग कुणाला सांगितलं का नाही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "कुणाला सांगू? सरांना सांगायला जावं तर म्हणतील, तुझं काम झाडू मारायचं."

सोमवारी मी त्यांना घेऊन हेडबाईंकडे गेले. बाई भल्या आहेत, त्यांनी लगेच चौकशी केली. मुलाकडे पीटीचे पांढरे बूट नव्हते. वडिलांचं दुकान बंद पडलं होतं. बूट नसलेल्यांना रांगेबाहेर उभं करायची पद्धत होती, आणि बाहेर उभं राहण्यापेक्षा त्याला संडास बरा वाटत होता. पीटीचे सर काही वाईट मनुष्य नव्हेत. त्यांना वाटत होतं, पोरगा कामचुकार आहे. वर्गशिक्षिकेला वाटत होतं, तो पीटीला आहे. बूट तीनशे रुपयांचे, ते त्याच दिवशी आले. पण मला बुटांचं सांगायचं नाहीये. एका मुलाचं दुःख दीड महिना शाळेतल्या एका माणसाला रोज दिसत होतं, आणि ते कुणापर्यंत पोचवायचं याची वाटच त्या शाळेत नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं की, यंदा स्टेज थांबवा आणि शाळेतल्या सगळ्या माणसांना मुलांकडे बघायला शिकवा. सगळ्या म्हणजे शिक्षक, क्लार्क, शिपाई, मावशी आणि व्हॅनवाले काका. अडचणीतलं मूल कसं ओळखावं, त्याच्याशी कसं बोलावं, कुणाला कळवावं आणि त्याचा अभ्यास मागे पडू नये म्हणून काय करावं, याचं नीट प्रशिक्षण द्या.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, माया काय शिकवावी लागते? मलाही तसंच वाटायचं. म्हणून आता माझीच एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मंदिरात रविवारची पाठशाळा घेत असे. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, हुशार. चोवीस तीर्थंकरांची नावं लांछनांसकट घडाघडा म्हणायची. मग ती उशिरा यायला लागली. केसांना तेल नाही, पाठांतर नाही, बसल्या जागी पेंगायची. एका रविवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "रात्री टीव्ही बघत बसतेस वाटतं?" मुलं हसली. तीही थोडी हसली. पुढच्या रविवारपासून ती आली नाही. दोन महिन्यांनी कळलं की तिची आई आजारी होती, मोठ्या दवाखान्यात. ही पोर पहाटे उठून धाकट्या भावाचा डबा करत होती. आई गेली. आणि मी त्या महिन्यात मुलांना काय शिकवत होते? सम्यग्दर्शनाची आठ अंगं! उपगूहन म्हणजे दुसऱ्याची उणीव चव्हाट्यावर न आणणं, स्थितीकरण म्हणजे ढळणाऱ्याला सावरून पुन्हा उभं करणं, वात्सल्य. वारिषेण मुनींची कथा मी डोळ्यांत पाणी आणून सांगत असे.

माया माझ्यात कमी नव्हती. मला कुणी एवढंच सांगितलं नव्हतं की चांगलं चाललेलं मूल अचानक बदललं, तर आधी त्याच्या घरात काय बदललं ते बघावं. आणि विचारायचं ते एकटीला बाजूला घेऊन. ती मुलगी आता मोठी आहे, भेटली की वाकून नमस्कार करते. तिला तो रविवार आठवतो का, हे मी तिला विचारलेलं नाही.

आपल्या धर्मात हिंसा नुसती हाताने होत नाही, मनाने आणि वाणीनेही होते. स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली, तिन्हींचा हिशोब असतो. आणि तिचं मूळ पुष्कळदा द्वेषात नसतं, प्रमादात असतं, म्हणजे बेसावधपणात. आपण पाणी गाळून पितो, भाजी चिरताना अळी तर नाही ना म्हणून पान न् पान उजेडात धरतो. ही सावधानता कुणी जन्मताना घेऊन आलेलं नाही. आजीने शिकवली, आईने शिकवली, चुकलो तेव्हा पुन्हा दाखवली. पण वर्गात फीची थकबाकी मोठ्याने वाचणाऱ्या क्लार्कला कुणी काय शिकवलं? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलाला मारायला बंदी आहे, तशी त्याच्या मानसिक छळालाही आहे. नावं वाचणाऱ्याला आपण छळ करतोय असं वाटतसुद्धा नाही. तो यादी वाचतो आणि पुढच्या वर्गात जातो. मागे एक मूल मान खाली घालून बसतं, आणि त्या तासाला शिकवलेलं त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

हे अभ्यासाचंही आहे, हे आपण विसरतो. उपाशी, घाबरलेल्या किंवा रात्रभर घरातलं भांडण ऐकलेल्या मुलाला पाढे येत नाहीत, ते ढ असतं म्हणून नव्हे. सूनबाई प्राथमिक शिक्षिका आहे, तिने मला काही साध्या गोष्टी सांगितल्या. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्यायची. फळ्याजवळ, पण सगळ्यांच्या नजरेत येणार नाही अशा जागी बसवायचं. बुडलेला अभ्यास सगळा एकदम भरून काढायला लावायचा नाही. आणि शाळेतल्या कुणीतरी एकाच मोठ्या माणसाने रोज सकाळी त्याचं नाव घेऊन दोन शब्द बोलायचे. ते शिपाईकाका असले तरी चालतात.

मायेवरून कर्मवीर भाऊराव आणि लक्ष्मीबाईंची आठवण होणारच. आपल्याच समाजातले. 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. हे आपण भाषणात सांगतो. पण एवढी माया घरात असलेल्या त्याच भाऊरावांनी 1935 साली साताऱ्यात शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं, हे किती जणी सांगतात? एका लक्ष्मीबाईंच्या हातून वसतिगृह चालेल, पण गावोगावच्या शाळांना शिकून तयार झालेली माणसं लागतात, हे त्यांना उमगलं होतं असं मला वाटतं.

आता थोडं अवघड बोलते. उपगूहनाचा आपण एक चुकीचा अर्थही लावलाय. मोठ्या माणसाने मुलाला काही वावगं केलं, तरी "झाकून ठेवा, संस्थेचं नाव जाईल, मुलीचं पुढे लग्न व्हायचंय." हे उपगूहन नव्हे. मुलाची चूक झाकावी, मुलावर झालेला अन्याय झाकू नये. 2012 च्या पोक्सो कायद्याने तर मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा गुन्हाच आहे, आणि तो मावशींनाही लागू आहे, ट्रस्टींनाही. 2024 साली बदलापूरची बातमी आली तेव्हा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर सगळ्या लिहीत होत्या, कॅमेरे लावा. लावा ना! पण मूल कॅमेऱ्याला काही सांगायला जात नाही. ते माणसाला सांगतं, तेही अर्धवट, कधी "मला व्हॅनमध्ये पुढे बसायचं नाही" एवढंच. ते ऐकणाऱ्याला माहीत पाहिजे की खोदून खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, मुलाने वापरले तेच शब्द लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी कळवायचं. आणि 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ पाहिजे. सरकारने शाळाशाळांत सखी सावित्री समिती करायला सांगितली आहे. आमच्या शाळेतही ती फलकावर आहे. मी मावशींना विचारलं, त्या समितीत कोण आहेत माहीत आहे का? त्यांना वाटलं, हळदीकुंकवाची समिती असेल.

पैशाचं बोलू. मी बी.कॉम. आहे, घराच्या वहीपलीकडे ते फारसं वापरलं नाही, पण भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक अजून आठवतो. स्टेज हा भांडवली खर्च. तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतो, त्यावर पाटी लावता येते. प्रशिक्षण महसुली. त्या वर्षी खर्ची पडलं की पुस्तकातून गेलं, पाटी कुठे लावणार? म्हणून देणगीदार मिळत नाहीत. गंमत अशी की घसारा स्टेजवर लागतो, शिकलेल्या मावशींवर लागत नाही.

मी यांच्यासमोरच हिशोब मांडला. आमच्या शाळेत शिक्षक 22, क्लार्क 2, शिपाई आणि मावशी मिळून 5, व्हॅनवाले 6. एकूण 35 माणसं. महिन्यातला एक शनिवार, दोन तास, असे वर्षातले दहा शनिवार. बाहेरून जाणकार समुपदेशक बोलावायचा, त्याचं मानधन, चहा-पोहे आणि मावशी-व्हॅनवाल्यांना त्या वेळेचे पैसे, कारण त्यांना फुकट बसवणं बरोबर नाही. नुसत्या पडद्यांच्या कोटेशनच्या पाव रकमेत सगळं बसतं. हे म्हणाले, "एका दिवसाचं व्याख्यान ठेवू की." व्याख्यान नको. व्याख्यानाला माणसं फोन बघतात. मूल रडत आलं तर काय म्हणशील, हे एकमेकांसमोर करून बघायला हवं, पुढच्या महिन्यात काय जमलं नि काय फसलं ते बोलायला हवं. पोळी लाटायला आपण व्याख्यानाने शिकलो का?

क्लार्कला एक जास्तीची गोष्ट शिकवायची. आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे, महिना 2,250 रुपये मिळतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. विधवा आई फी भरायला खिडकीशी येते तेव्हा "थकबाकी कधी भरणार" याच्याबरोबर हेही तिला तिथेच कळलं, तर तिचे किती हेलपाटे वाचतील.

एक शंका रास्त आहे. शिक्षक म्हणतात, आधीच इतकी कामं, त्यात हे. त्यांची बाजू मला पटते. म्हणूनच त्यांना समुपदेशक व्हायला सांगू नये. बघणं, सौम्यपणे एकदा विचारणं आणि ठरलेल्या एका माणसाला कळवणं, एवढंच त्यांचं. पुढचं त्या माणसाचं आणि जाणकारांचं. आज शिक्षकही एकटेच ओझं वाहतात. वर्गातल्या मुलाचा बाप गेला की बाईही रात्रभर झोपत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

चार दानांत अभयदान आहे. आहारदान आपण थाटात करतो, औषधदानाची शिबिरं घेतो, शास्त्रदानाला ग्रंथ छापतो. अभयदान म्हटलं की गोशाळा आणि पांजरपोळच आठवतात. ती हवीतच. पण कडी लावून बसलेला तो सहावीतला मुलगाही भीतीतच होता ना?

येत्या रविवारी कमिटीची पुन्हा मीटिंग आहे. यांनी म्हटलं, लिहून दे. मी एक पानभर लिहिलंय, हिशोबासकट. खाली महिला मंडळाच्या सह्या हव्यात, तेव्हा शनिवारी दुपारी तीनला मंदिराच्या सभागृहात या. पाटीच हवी असं कुणी देणगीदार म्हणालेच, तर पाटी लावू, मला वावडं नाही. शिक्षकांच्या खोलीत जागा आहे.

मावशींनाही मी सांगितलं, शनिवारचे वर्ग सुरू झाले तर तुम्हीही यायचं. गव्हाचं सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मी पण? सरांच्या शेजारी, खुर्चीवर बसायचं का?"