थोरोची झोपडी आणि कॉलिन्सचे गाठोडे

अमेरिकेत मोटारीमागे ओढून नेता येणाऱ्या छोट्या घरांचा जो पुरस्कार केला जातो, त्यात हेन्री डेव्हिड थोरोचे नाव हटकून येते. दुर्गा भागवतांच्या अनुवादामुळे 'वॉल्डन' (१८५४) मराठी वाचकालाही परके नाही. पंधरा बाय दहा फुटांची ती झोपडी आणि तिचा अठ्ठावीस डॉलरचा हिशेब आपण आदराने वाचला आहे. परंतु अशी घरे आता मुलाबाळांच्या कुटुंबांसाठीही बांधली जातात आणि तेथे थोरोचा दाखला अपुरा पडतो, असे मला वाटते. थोरो एकटा होता.

त्याच्या झोपडीच्या फळ्या मात्र एका कुटुंबाच्या होत्या. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराचे खोपटे त्याने ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब, सारा संसार एका मोठ्या गाठोड्यात बांधून, रस्त्याने जाताना त्याला दिसले. हे थोरोनेच नोंदवले आहे. तरीही साधेपणाचा पाठ म्हणून 'वॉल्डन' वाचताना आपण त्या गाठोड्यापाशी थांबत नाही.

आजच्या घरांची घडण कौतुकास्पद आहे, हे मान्यच करावयास हवे. रस्त्याच्या नियमांमुळे, खास परवाना नसल्यास, रुंदी साडेआठ फुटांपलीकडे जात नाही. म्हणून दोन टोकांना दोन पोटमाळे, एक आईवडिलांचा, एक मुलांचा. जिन्याच्या पायऱ्यांतच खण. पण प्रश्न केवळ आतल्या जागेचा नाही.

माझे बालपण गिरणगावातील चाळीच्या एका खोलीत गेले. आम्ही सहाजण तिथे राहू शकलो, ते दाराबाहेरच्या गॅलरीमुळे. अभ्यास तिथे, आजोबांची झोप तिथे, भांडणानंतरचा अबोलाही तिथेच. लहान घराचा उरलेला भाग दाराबाहेर असतो आणि तो शेजाऱ्यांसह वापरायचा असतो.

चाकांवरच्या घराला या बाहेरच्या भागाचीच शाश्वती नसते. ही चाके पुष्कळदा भटकंतीसाठी नसतातच. घराच्या किमान क्षेत्रफळाच्या आणि बांधकामाच्या नियमांतून वाट काढण्यासाठी ती असतात. अनेक गावांच्या लेखी असे घर म्हणजे वाहन, आणि वाहनात कायम राहण्यास तेथे मनाई. लॉस एंजेलिसने २०१९ मध्ये अशा घरांना निवासी घरांच्या आवारात उभे राहण्याची मुभा देणारा नियम केला, तो या दृष्टीने मला कोणत्याही नव्या आराखड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. एकट्या माणसाला मुक्काम हलवणे साधते; मुलाला शाळा, सवंगडी आणि ओळखीचा शेजार लागतो.

तेव्हा अशा घरात पोटमाळे किती, हे विचारण्यापूर्वी ते कोठे आणि किती काळ उभे राहू शकते, हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर कॉलिन्सच्या गाठोड्याला चाके लावण्यापलीकडे आपण फारसे काही केले, असे म्हणता येणार नाही.