आपला अहवाल आपण वाचण्याचा हक्क

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा आघात अजून ओसरला नव्हता अशा वेळी, म्हणजे ३१ मे २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाच्या धोरणासंबंधी जो विस्तृत आदेश दिला, त्यात लसींच्या किमती आणि राज्यांना होणारे वाटप अशा मोठ्या प्रश्नांच्या जोडीने ‘को-विन’ या संकेतस्थळाच्या रचनेतील काही दोषांचीही दखल घेतलेली आहे. वृत्तपत्रांतून किमतींची चर्चा पुष्कळ झाली; या दोषांची मात्र व्हावी तितकी झाली नाही. वस्तुतः १ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी लसीकरण खुले झाले तेव्हा या संकेतस्थळावरील नोंदणी सक्तीची करण्यात आली होती, आणि त्यामुळे जो नागरिक ते संकेतस्थळ वापरू शकत नव्हता, त्याच्यापुरते लसीकरण केंद्राचे दार बंदच होते, मग ते केंद्र त्याच्या घराशेजारी का असेना.

न्यायालयाने नोंदवलेले दोष कोणते होते? आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरायचा जो कॅप्चा असतो, तो ऐकून भरण्याची सोय नव्हती. वयोगट, लसीचे नाव, ती सशुल्क की निःशुल्क हे निवडण्याची साधने अंधांना वापरता येतील अशी नव्हती. माऊस न वापरता केवळ कळफलकावर काम करता येत नव्हते. आणि सावकाश काम करणाऱ्याला मुदत संपली म्हणून संकेतस्थळ आपोआप बाहेर काढील, अशी धास्ती होती. न्यायालयाने नोंदवलेला आणखी एक दोष, उपलब्ध जागांच्या तक्त्याचा, जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अंध व्यक्ती संगणक वा मोबाइल वापरते ती ‘स्क्रीन रीडर’ नावाच्या प्रणालीच्या आधारे. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली एकामागून एक वाचून दाखवते. ‘एनव्हीडीए’ हे असेच एक साधन असून ते विनामूल्य मिळते. आता लसीच्या उपलब्ध जागांचा तक्ता डोळस माणूस एका दृष्टिक्षेपात वाचतो, कारण वरच्या ओळीतील तारीख, डावीकडील केंद्राचे नाव आणि मधल्या चौकटीतील आकडा यांचा संबंध त्याची नजर जुळवते. अंध माणसाच्या कानावर मात्र ‘बारा’, ‘चार’, ‘शून्य’ असे सुटे आकडेच येतात. बारा जागा आहेत हे त्याला कळते, पण त्या सोमवारच्या की गुरुवारच्या हे कळत नाही, कारण ज्याने तो तक्ता रचला त्याने वरच्या तारखेचे आणि खालच्या आकड्याचे नाते संगणकाला सांगितलेलेच नसते. हे नाते सांगण्यास रचनाकाराला फार तर काही मिनिटे लागतात. न्यायालयाने या संकेतस्थळाची दिव्यांगांच्या दृष्टीने तपासणी करण्याचे निर्देश दिले, हे उचितच झाले. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला तक्त्याचे शीर्षक कसे असावे हे सांगावे लागले, यावरून खाली प्रशासनात या विषयाचे भान किती अल्प होते हे ध्यानात येते.

ती साथ सरली, पण तिने लावून दिलेली वहिवाट मात्र टिकली. मोठ्या शहरांतील बहुतेक रुग्णालयांत डॉक्टरांची वेळ ठरवणे, रक्ततपासणीचे अहवाल मिळवणे, विम्याचा दावा दाखल करणे ही कामे आज संकेतस्थळावरून चालतात. सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरस्थ सल्लासेवा आणि ‘आभा’ क्रमांकाची आरोग्यनोंद ही त्याच मार्गाची पुढची पावले आहेत. अशा वेळी अंधांची, कर्णबधिरांची वा हाताच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांची अडचण कोणापुढे मांडली, की बहुधा एकच उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो: घरातल्या कोणाकडून तरी करून घ्यावे. माझे म्हणणे या उत्तराविरुद्ध आहे. रेल्वेचे तिकीट दुसऱ्याकडून काढून घेतल्याने फारसे बिघडत नाही, परंतु आरोग्याची गोष्ट निराळी आहे. वैद्याने रोग्याचे गुह्य राखावे हा वैद्यकाचा पुरातन आचारधर्म, आणि आपल्या कायद्यानेही तो निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ चा कायदा मनाई करतो. मानसिक आजाराच्या उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २३ ने दिलेला आहे. मग एखाद्या अंध तरुणीला आपल्या गर्भधारणेच्या तपासणीचा अहवाल धाकट्या भावाकडून वाचून घ्यावा लागत असेल, किंवा मनोविकारतज्ज्ञाची वेळ घेण्यासाठी आपल्या व्यथेचे कारण शेजाऱ्याला सांगून अर्ज भरून घ्यावा लागत असेल, तर कायद्याने दिलेली ती गोपनीयता तिच्यापर्यंत पोहोचली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पुष्कळजण अशा वेळी तपासणीच टाळतात, आणि त्या टाळण्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

अहवालांचीच गोष्ट घ्या. अनेक प्रयोगशाळा छापील कागदाचे छायाचित्र काढून तेच पीडीएफ म्हणून पाठवतात; डोळ्यांना ती अक्षरे दिसतात, पण स्क्रीन रीडरच्या लेखी तेथे केवळ एक चित्र असते, आणि तो मूक राहतो. काही अहवालांत प्रमाणाबाहेर गेलेला आकडा केवळ लाल रंगाने दर्शवलेला असतो. ज्याला लाल आणि हिरवा यांतील भेद उमगत नाही, त्याला धोक्याची ती सूचना पोहोचतच नाही, वस्तुतः आकड्यापुढे ‘अधिक’ वा ‘कमी’ एवढा एक शब्द लिहिला तरी पुरे. मराठीची म्हणून आणखी एक अडचण आहे. आपल्याकडील कितीतरी परिपत्रके आणि माहितीपत्रके आजही युनिकोडपूर्व काळातील फाँटांत टंकलिखित केलेली असतात. वरकरणी ती देवनागरी दिसतात, परंतु आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, आणि स्क्रीन रीडर ती वाचू लागला की ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक ध्वनींपलीकडे काही पडत नाही. लसीकरणाचे किंवा मोफत शस्त्रक्रियेच्या योजनेचे पत्रक अशा फाँटात काढणे म्हणजे अंध वाचकाला ते न देणेच होय. कर्णबधिरांना वेळ ठरवण्यासाठी केवळ दूरध्वनी क्रमांक देणारी रुग्णालये, आणि उपशीर्षकांवाचून चालणारे चित्रफितीवरील सल्ले, हेही याच जातीचे. पानाच्या कोपऱ्यात अक्षरे लहानमोठी करण्याची बटणे बसवली की आपले कर्तव्य संपले, अशी अनेक संस्थांची समजूत दिसते. अक्षरे मोठी करण्याची साधने अल्पदृष्टी व्यक्तीच्या यंत्रात असतातच, आणि पूर्ण अंध व्यक्तीला त्या बटणांचा काडीचा उपयोग नसतो.

कायद्याची बाजू दुबळी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत अडथळारहित प्रवेशाची तरतूद आहे, कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाविषयी बोलते, आणि कलम ४६ ने सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही ठरावीक मुदतीत सुगम्यतेचे नियम पाळणे बंधनकारक केले आहे. दुबळी होती ती नियमांची शब्दयोजना. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमावलीतील नियम १५ अधिनियमाच्या विरुद्ध ठरवला, कारण अधिनियम सक्ती सांगत असताना या नियमाने मार्गदर्शक सूचनांवर, म्हणजे केवळ शिफारशींवर, भिस्त ठेवली होती. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात, आम्लहल्ल्यामुळे पापण्या मिटू न शकणाऱ्या व्यक्तींना ओळखपडताळणीत डोळे मिचकावून दाखवण्यास सांगितले जाते या तक्रारीवरून, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच अविभाज्य भाग आहे, असे त्याच न्यायालयाने सांगितले. ज्या हक्काला जीविताच्या हक्कात स्थान मिळाले, तो रुग्णालयाच्या बाबतीत तर सर्वांआधी अमलात यायला हवा.

खर्चाची सबब मला मान्य नाही. संकेतस्थळ तयार झाल्यावर ते मोडून पुन्हा बांधणे महाग पडते हे खरे, पण म्हणूनच ही अट निविदेच्या पहिल्या मसुद्यात असली पाहिजे. स्वयंचलित चाचणीचे प्रमाणपत्र मक्तेदाराने जोडले म्हणून विसंबून राहू नये, कारण चित्राला वर्णन आहे की नाही एवढेच यंत्र सांगू शकते. ते वर्णन रोग्याच्या कामाचे आहे की निरर्थक, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारी माणसे आपल्यात आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून काम करीत आहे, आणि स्क्रीन रीडरवर रोजचे काम करणारे बँकांतील, शाळांतील आणि सरकारी कचेऱ्यांतील अंध कर्मचारी आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. २०११ च्या जनगणनेत या राज्यातील दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. ज्यांच्यासाठी हे करायचे, त्यांच्याकडून तपासून घेण्यात अडचण कोणती?

महापालिकांनी, जिल्हा रुग्णालयांनी आणि खासगी रुग्णालयांच्या विश्वस्तांनी इतके तरी करावे: संकेतस्थळाचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी एका अंध, एका कर्णबधिर आणि हात नीट न चालणाऱ्या एका व्यक्तीला, योग्य मानधन देऊन, डॉक्टरांची वेळ घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंतचे सारे काम कोणाच्याही मदतीवाचून करून पाहण्यास सांगावे, आणि ते जमले नाही तर देयक रोखावे. ज्या वाचकांना किंवा त्यांच्या आप्तांना अशा संकेतस्थळामुळे उपचारांत अडथळा आला असेल, त्यांनी त्याची तारीख आणि तपशील लिहून ठेवून दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या पुण्यातील कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. हक्कांपासून वंचित ठेवल्याच्या प्रकरणांची चौकशी करणे हे राज्य आयुक्तांचे काम असल्याचे अधिनियमाच्या कलम ८० मध्ये नमूद आहे, आणि अधिनियमाच्या भंगाबद्दल पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत व त्यानंतर पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये केलेली आहे.