तव्याआडचं लोहचुंबक

दोस्तांनो, आज आईकडून भाकरीचा लोखंडी तवा मागून घ्या. गार झालेला हं!

वहीच्या पुठ्ठ्यावर चार टाचण्या ठेवा आणि खालून छोटं लोहचुंबक फिरवा. टाचण्या नाचायला लागतील. आता त्याच टाचण्या तव्यात ठेवा. खालून चुंबक फिरवलं, तरी त्या फारशा हलणार नाहीत!

तव्यानं चुंबकत्व गिळलं का? छे! चुंबकीय रेषांना हवेपेक्षा लोखंडातून जाणं सोपं. त्या तव्यातूनच वळसा घालून परत फिरल्या.

आपल्या बीड जिल्ह्यात परळीला कोळसा जाळून वीज करतात. सूर्य मात्र हायड्रोजनची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा देतो. तेच जमवण्यासाठी फ्रान्समध्ये 'ईटर' हे यंत्र उभं राहतंय. भारतही २००५पासून त्यात भागीदार आहे. तिथं सुमारे १५ कोटी अंश तापलेला वायू चुंबकांनी अधांतरी धरायचाय. यंत्राच्या मध्यभागी चुंबकत्व ५.३ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या लाखपटीहून जास्त!

ते बाहेरही पसरतं. मग जवळचे पंप अडतात, दाबमापक खोटे आकडे दाखवतात. मापकच खोटं बोललं, तर यंत्र सांभाळायचं कसं?

म्हणून नाजूक उपकरणं लोखंडी पेटीत ठेवतात. आत निकेल-लोखंडाच्या 'म्यूमेटल'चं अस्तर लावता येतं. ते रेषा वळवण्यात लोखंडाहून तरबेज, पण जोरदार चुंबकापुढं लवकर थकतं. म्हणून बाहेर जाड लोखंड, आत पातळ म्यूमेटल. थोरला भाऊ पुढं, धाकटा मागं!

आता सांगा, तव्याऐवजी पितळेची ताटली घेतली तर? आधी अंदाज लिहा, मगच करून बघा!