घरची लेखणी

एके काळी महाराष्ट्रातील मुलांचे शिक्षण धुळीपासून सुरू होत असे. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, तीवर काडीने किंवा बोटाने अक्षर गिरवावे, चुकले तर हात फिरवून पुसावे आणि पुन्हा काढावे, असा तो क्रम होता. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्या दिवसांची खूण म्हणून भाषेत अजून राहिला आहे. धुळीवर हात बसला की बोरू हाती येई. बोरूची पोकळ काडी चाकूने तासावी, तिचे टोक तिरपे छाटावे, काजळी आणि डिंक घोटून शाई करावी आणि मग कागदाला हात लावावा. ज्याला लिहावयाचे असे, त्याला आपली लेखणी आधी करावी लागे. ती बिघडली तर ती का बिघडली, हेही त्याला ठाऊक असे.

पुढे टाक आला, शिसपेन्सिल आली, झरणी आली, बॉलपेन आले. लेखणी सुबक झाली, स्वस्त झाली. पण ती करण्याची विद्या मात्र हातातून गेली. आज तर काळाचे चक्र असे फिरले आहे की, मुले पुन्हा पाटीवर बोटाने अक्षरे गिरवू लागली आहेत. फरक एवढाच की, ही पाटी काचेची आहे. मोबाइल आणि टॅब्लेट यांच्या काचेला बोट लावले की ती उत्तर देते. बोटाने चालणाऱ्या अशा पडद्याची कल्पना इंग्लंडमधील ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने १९६५ साली मांडली. तिच्यावर काम होत होत आज ती खेड्यातील घराघरांत पोहोचली आहे.

तथापि धुळीची पाटी आणि काचेची पाटी यांत एक मोठा भेद आहे. धूळ कोणत्याही काडीला नकार देत नसे. ही काच मात्र निवड करते. पेन्सिलीचे लाकडी टोक तिच्यावर घासले तरी ती ढिम्म राहते. प्लॅस्टिकच्या पेनाचे टोपण लावून पाहिले तरी तीच गत. इतकेच नव्हे, तर कित्येकदा माणसाच्या बोटालाही ती ओळखत नाही, आणि खरी खंत येथेच आहे.

वर्धा जिल्हा हा कापसाचा मुलूख. सेलू, देवळी, हिंगणघाट या भागांत पऱ्हाटीच्या शेतात दिवस काढणारी हजारो माणसे आहेत. वेचणीच्या दिवसांत बोंडाची वाळलेली अणकुचीदार टोके बोटांना बोचतात. थंडीने कातडी फुटते. वर्षानुवर्षांच्या श्रमाने बोटांना घट्टे पडतात. अशा कोरड्या, जाड कातडीची दखल काच नीट घेत नाही. शहरातील मऊ बोटाने एकदा टेकवावे आणि काम व्हावे. शेतातील बोटाने चार वेळा दाबावे आणि काच मुकीच राहावी! ज्या हातांनी अधिक काम केले, त्याच हातांना यंत्राने न ओळखावे, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. त्याहून वाईट हे की, अशा वेळी तो माणूस यंत्राला दोष न देता स्वतःलाच दोष देतो. ‘हे आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणून आजी किंवा काका मोबाइल नातवाच्या हाती देतात आणि आपली खासगी कामेही दुसऱ्याच्या बोटावर सोपवतात.

हे टाळण्याचा एक साधा उपाय घरातच आहे. तो म्हणजे घरी केलेली लेखणी. बाजारात तिला स्टायलस म्हणतात. ती करण्यापूर्वी काचेला काय हवे असते, हे समजून घेतले पाहिजे. काचेखाली विजेचे वहन करणाऱ्या पदार्थाचा अत्यंत पातळ, पारदर्शक थर असतो. त्यात आडव्या-उभ्या रेघांचे जाळे असते आणि त्या जाळ्यात सौम्य विद्युतभार खेळवलेला असतो. माणसाच्या शरीरात पाणी आहे आणि त्या पाण्यात क्षार आहेत. म्हणून शरीर विजेचे वाहक आहे. बोट काचेजवळ आले की तेथील विद्युतभाराचा किंचित अंश बोटाकडे ओढला जातो. जाळ्याच्या कोणत्या ठिकाणी हा बदल झाला, हे यंत्र मोजते आणि त्यावरून बोटाची जागा ठरवते. म्हणजे काच दाब ओळखत नाही, वाहकाचे सान्निध्य ओळखते. लाकूड व प्लॅस्टिक हे दुर्वाहक असल्यामुळे तिच्या लेखी ते नसल्यासारखेच असतात.

एवढे कळले की लेखणीची कृती आपोआप सुचते. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्यावी. एका बारीक काडीला कापूस घट्ट गुंडाळून वाटाण्याएवढा बोळा करावा आणि तो नळीच्या तोंडात असा बसवावा की, त्याचे टोक सुमारे अर्धा सेंटिमीटर बाहेर राहील. नंतर पोळ्या गुंडाळण्याची ॲल्युमिनियमची फॉइल घेऊन ती नळीभोवती गुंडाळावी. फॉइलचे एक टोक कापसाला भिडलेले असावे आणि दुसरे बोटांची पकड जेथे येते तेथपर्यंत पोहोचलेले असावे. तोंडाजवळ दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत. शेवटी कापसावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून जादा पाणी पिळून काढावे. लेखणी तयार झाली.

हिच्यातील प्रत्येक वस्तूला कारण आहे. कोरडा कापूस वीज वाहून नेत नाही. पण नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ओला कापूस वाहक बनतो. फॉइल त्या कापसाला हाताशी जोडते. मध्येच फॉइल तुटली की लेखणी बहुधा मुकी होते, कारण शरीराशी असलेला तिचा संबंध सुटतो. बोळा फार बारीक केला तरीही काच उत्तर देत नाही. कारण अतिशय लहान स्पर्श हा स्पर्शच नव्हे, असे समजून यंत्र तो सोडून देते. काळजीही घेतली पाहिजे. फॉइलची कड काचेला लागू देऊ नये, नाहीतर चरे पडतील. कापसातून पाणी ठिबकू देऊ नये. मिठाचे पाणी तर वापरूच नये. कापूस वाळला की लेखणी थांबते. पुन्हा एक थेंब दिला की चालू लागते.

जगात इतरत्रही लोकांनी अशा युक्त्या योजल्या आहेत. दक्षिण कोरियात २०१० च्या कडक थंडीत हातमोजे काढावे लागू नयेत म्हणून लोक खाण्याच्या लहान सॉसेजनी मोबाइल चालवू लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. ऐकून हसू येते. परंतु त्यामागील शास्त्र ओल्या कापसाच्या शास्त्राहून वेगळे नाही. सॉसेजमध्येही पाणी आहे आणि मीठ आहे.

यावर एक आक्षेप सहज येईल. बाजारात थोड्या पैशांत तयार लेखणी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? शिवाय ज्या मोबाइलवर ही लेखणी चालवायची, तो घरी होणे शक्य नाही. त्यातील काच, त्यातील सूक्ष्म मंडले दूरदूरच्या मोठमोठ्या कारखान्यांत बनतात. मग केवळ कापसाचे टोक घरी केल्याने कोणते स्वावलंबन साधले? हा आक्षेप टाकाऊ नाही. चित्रकाराला बारीक रेघ हवी असेल, तर स्वतःचा संकेत पाठवणारी बाजारातील विद्युत-लेखणीच घ्यावी लागेल. ओला कापूस तिची बरोबरी करणार नाही. घरच्या लेखणीने कोणी मोबाइलच्या कारखान्यांपासून स्वतंत्र होणार नाही, हेही खरे आहे.

परंतु हा सगळा हिशेब पैशांचा झाला, आणि लेखणी घरी करण्याचा लाभ प्रामुख्याने पैशांचा नाहीच. हा विचार वर्धेला नवा नाही. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तेथून चाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. सामान्य माणसाच्या उपयोगाची वस्तू देशातच करावी, या गांधीजींच्या प्रेरणेने राजमहेंद्रीचे कारागीर के. व्ही. रत्नम यांनी झरणी तयार केली आणि ती कुमारप्पांच्या हाती गांधीजींकडे पोहोचली. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र पाठवून गांधीजींनी आभार मानले. ती झरणी आपण स्वतः वापरून पाहिली आणि परदेशी झरण्यांना ती चांगला पर्याय वाटते, असे त्यांनी कळवले. या पत्रात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ती ही की, त्यांनी वस्तू स्वदेशी म्हणून आधी गौरवली नाही. आधी वापरली आणि मग मत दिले. घरी केलेल्या वस्तूचीही परीक्षा कठोरच असली पाहिजे.

पुढे दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर आणि कुमारप्पा हेही तिच्यात होते. मुलाचे शिक्षण एखाद्या उपयुक्त हस्तोद्योगाभोवती गुंफावे, हे त्या योजनेचे सूत्र होते. मुलाने टकळीवर सूत काढावे. त्याबरोबरच कापूस कोणत्या जमिनीत येतो हा भूगोल, सुताची लांबी व वजन हे गणित आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहासही शिकावा. हीच ‘नई तालीम’ होय. शाळेचा कारखाना होईल, मुलांच्या श्रमावर शाळा चालवली जाईल, अशी टीका त्या वेळी झाली आणि ती विचार करण्याजोगी होती. पुढे अनेक ठिकाणी ही योजना वेळापत्रकातील हस्तव्यवसायाच्या एका तासापुरती उरली, हेही नाकारता येत नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेले सत्य त्यामुळे खोटे ठरत नाही. हाताने केलेली गोष्ट बुद्धीला नीट कळते, हे ते सत्य होय. सेवाग्रामच्या परिसरात आनंद निकेतन ही शाळा २००५ साली याच विचाराने पुन्हा सुरू झाली.

ओल्या कापसाची लेखणी ही आजच्या काळातील टकळीच आहे. ती करणारा मुलगा वाहक आणि दुर्वाहक यांची व्याख्या पाठ करत बसत नाही. ती त्याच्या बोटांना कळते. पहिली लेखणी चालत नाही, तेव्हा तो फॉइल तपासतो, बोळा मोठा करतो, पाणी घालतो. ‘का?’ हा प्रश्न त्याला पुस्तकाने विचारलेला नसतो, मुक्या काचेने विचारलेला असतो. आणि ज्या यंत्राकडे तो आजवर जादूची पेटी म्हणून पाहत होता, त्याच्या एका नियमावर त्याची हुकमत चालू लागते. सारे यंत्र त्याला करता येणार नाही. पण यंत्रही नियमाने बांधलेले आहे, एवढे कळणे ही काही लहान गोष्ट नव्हे. जो केवळ विकत घेतो, तो बिघाड झाला की दुकानाकडे पाहतो. ज्याने एकदा केले, तो आधी वस्तूकडे पाहतो.

याहून मोठा लाभ दुसऱ्यांना होऊ शकतो. कारखान्यातील लेखणी सर्वांच्या हातांसाठी एकाच मापाची असते. घरची लेखणी एका हाताचे माप घेऊन करता येते. आजीची बोटे संधिवाताने वळत नसतील, तर नळीवर कापड गुंडाळून मूठ जाड करावी आणि फॉइल त्या कापडावरून न्यावी. एखाद्याची बोटे गेली असतील, तर लेखणी पट्टीने तळहाताला बांधावी. फॉइल कातडीला कोठेही भिडली तरी पुरते. वर्धेजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. झिजलेल्या हातांनाही काम करता येते आणि मानाने जगता येते, ही शिकवण या जिल्ह्याने फार पूर्वी घेतली आहे. ज्या हातांना काच नाकारते, त्या हातांसाठी साधन करून देणे हे त्याच शिकवणीचे पुढचे पाऊल ठरेल.

म्हणून अशा लेखणीला खेळणे समजून हसू नये. प्रत्येक शाळेत विज्ञानाच्या तासाला ती एकदा तरी केली जावी आणि केलेली लेखणी घरी नेऊन वडीलधाऱ्यांच्या हाती दिली जावी. सामग्री म्हणाल तर पेनाची टाकाऊ नळी, स्वयंपाकघरातील फॉइलचा तुकडा, पाण्याचे दोन थेंब आणि याच मातीत पिकलेला चिमूटभर कापूस. ज्या हातांनी तो कापूस वेचला, त्यांनाच काचेच्या पाटीवर आपले नाव लिहिण्यासाठी तो उपयोगी पडावा, यापेक्षा त्याचे अधिक चांगले सार्थक कोणते?