वस्तऱ्यावरचा राप

उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीतून आलेल्या काळ्याठिक्कर कास्टिंगला चकाकी आणणं हे पुण्यकर्मच, त्यामुळे धोकटीतला जुना सोलिंगेनचा वस्तरा घेऊन मी एका बफिंगच्या शेडमध्ये गेलो तेव्हा कारागिराचा हात लगेच स्विचकडे गेला. “आरसा करून देतो की वो!” मी वस्तरा मागे घेतला. पात्यावर मधोमध निळसर-करडा राप आहे, पाण्याचा थेंब वाळल्यावर उरतो तशा कडांचा. तो किती दाढ्यांनी, किती ओल्या बोटांनी चढला असेल कोण जाणे. हा राप म्हणजे लोखंडाचाच काळा ऑक्साइड, घट्ट बसणारा, खालच्या पोलादाला थोडंफार झाकणारा. लाल गंज वेगळा. तो पापुद्र्यानं सुटतो, ओल धरतो आणि खाली खड्डे पाडतो. तेलाचं फडकं फिरवा: तांबडं उमटलं तर काढायलाच हवं, धारेजवळ असेल तर आजच. तिथे माझी रसिकता चालत नाही, खड्ड्यावर धार बसतच नाही. पण बफची चाकं जपून. पातळ पातं क्षणात तापतं, 200 अंशांपुढे गेलं की पोलादाचं पाणी उतरू लागतं, आणि कारखान्याचा ठसा पुसट होतो तो वेगळाच. हल्ली सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो, वापरला की ब्लेड टाकून द्यायचं; राप चढायला सवडच नाही. मी शिलाई मशीनचं तेल लावलं, मुठीजवळचा तांबडा ठिपका तेवढा घासला. कारागीर म्हणाला, “मग आलात कशाला?”